सातेरीच्या पेटीत उंदीर : औषध नको, ऊसतोडीआधी दार बारीक करा

भावा, फोटो बघितले. राधानगरीकडं सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) चार पेट्या, त्यातल्या एकीत उंदरानं दोन फ्रेमची (लाकडी चौकटींची) पोळी खालून कुरतडलीत आणि तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, घरटं केलंय, औषध ठेवू का असं विचारलंयस. ठेवू नको. औषध खाल्लेला उंदीर पेटीतच कोपऱ्यात मरतो आणि मग जो वास सुटतो ना. मेलिफेरा (युरोपियन) माशी मेलेल्या उंदरावर प्रोपोलिस, म्हणजे झाडांचा गोळा केलेला चिकट डिंक, फासून त्याला बंदच करून टाकते, सातेरी प्रोपोलिस गोळाच करत नाही, ती सरळ पेटी सोडून जाते. माझी एक चांगली वसाहत डिसेंबरात अशीच गेली, मी दोन आठवडे पेटी उघडलीच नव्हती.

सगळे म्हणतात थंडी पडली की उंदीर उबेला येतो. येतो, पण आपल्या कोल्हापुरात थंडी ती कितीशी, खरा ताप ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की शेजारचा उसाचा फड मोकळा होतो आणि आतले उंदीर बांधावर पळतात, तिथं तुझी पेटी, आत मध, पराग, अंडी-अळ्या, वर कोरडी जागा. फोटोतलं घरटं नीट बघ, सगळं उसाचं पाचट आहे.

आता भर दुपारी पेटी उघड. उंदीर रात्रीचा फिरतो, दिवसा घरट्यात झोपलेला सापडतो. आधी त्याला बाहेर काढायचं आणि मगच दाराला जाळी, नाहीतर त्याला आत कोंडून ठेवशील (हा पराक्रम पण मी केलाय). हातमोजे घाल, उंदराच्या मुतातनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. तळपाट घासून, धुवून उन्हात वाळव, दुसरं असलं तर बदलूनच टाक.

कुरतडलेल्या पोळ्यांना जीव लावू नको. सातेरीला जुनं पोळं तसंही आवडत नाही, ती स्वतःच कुरतडून खाली पाडते. खराब भाग कापून टाक, अंडी-अळ्या असलेला ठेव, माशी नवीन बांधते. मुताचा वास लागलेल्या पोळ्यातला मध मात्र अजिबात काढायचा नाही.

दाराला जाळी तीन सुताच्या (साधारण साडेनऊ मिमी) भोकांची घे, माशी आरामात जाते, उंदीर जात नाही. माशीच्या पायावरचा पराग थोडा झडतो, म्हणून आजूबाजूची तोड संपली की काढून टाकायची. स्टँड दोन फूट उंच, त्याच्या पायांना गुळगुळीत पत्रा, खाली पाण्याच्या वाट्या असतीलच मुंग्यांसाठी. पेटीला टेकलेलं गवत, फांद्या काप, नाहीतर पत्रा लावून उपयोग काय. पिंजरा लाव पण पेटीपासून लांब, आत भजी ठेव, आमच्याकडं खोबऱ्यापेक्षा भज्यालाच जास्त येतात.

अजून एक, फोटोत वर रिकामा सुपर (मधासाठीचा वरचा कप्पा) दिसतोय. आत माशी चारच फ्रेमवर आहे, मग तो कशाला? जिथं माशी नाही तिथंच उंदीर बसतो. सुपर काढ, फ्रेम पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेव, डांबर गोळ्या टाकू नको, मेण वास धरतं.

बाकीच्या तीन पेट्या आजच उघडून बघ, आणि शेजारचा फड तुटायचा किती राहिलाय तेवढं सांग, त्यावर जाळी कधीपर्यंत ठेवायची ते ठरवू.