त्याने मशीन बंद केले, हे योग्यच केले

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. सांगलीच्या गणपती पेठेत आपले स्मृतिचिन्हे आणि नामफलकांचे दुकान आहे. कर्ज काढून आपण 60 वॉटचे सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारे) लेझर मशीन घेतले आणि ते विश्रामबागेतील घराच्या तळमजल्यावरील खोलीत बसवले. मुलाला बारावी विज्ञान शाखेत 61 टक्के मिळाले आहेत. त्याने रात्री मशीन चालू ठेवून त्याच खोलीत सीईटीचा अभ्यास करावा, म्हणजे अभ्यासही होईल आणि बँकेचा हप्ताही निघेल, अशी आपली योजना होती. परंतु डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो असे सांगून त्याने पिशव्यांच्या दुकानदाराचे रेक्झिन कापण्याचे काम अर्धवट सोडले आणि आता तो मशीनला हात लावत नाही. त्याची नाटके बंद करून त्याला पुन्हा कामाला लावील असा एखादा छोटा कोर्स सुचवावा, असे आपण लिहिले आहे.

टक्केवारीची मला मुळीच चिंता वाटली नाही. चिंता वाटली ती ‘नाटके’ या शब्दाची. आपला मुलगा आजारी पडत होता, ते तो आपल्याला सांगत होता आणि आपण त्याला कामचुकार ठरवले. कोर्सचा विचार नंतर करू. आधी त्याला छातीच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि बंद खोलीत तो काय कापत होता हे त्यांना स्पष्ट सांगावे.

लेझरला रेक्झिन आणि पुठ्ठा सारखेच, जे कापले जाते ते कापावे, असा समज या धंद्यात पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि तो घातक आहे. बाजारातील बहुतेक स्वस्त रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर असतो. पीव्हीसीमध्ये क्लोरिन असतो. किरणाच्या उष्णतेने तो हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात सुटतो आणि ओलावा मिळाला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. हा ओलावा मुलाच्या डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसांतही असतो. आपल्या पत्राच्या शेवटी आणखी एक तक्रार आहे, की दोन महिन्यांतच मशीनच्या रुळांवर गंज चढला आणि विक्रेत्याने आपल्याला फसवले. विक्रेत्याची बाजू मला माहीत नाही. परंतु लोखंडावर जे दिसले, तेच आपल्या मुलाला श्वासातून जाणवत होते, असे मानण्यास पुरेसे कारण आहे. कापडी मास्कने हा वायू अडत नाही. फ्लेक्स, व्हिनाइलचे स्टिकर, चमकणारे रेडियम स्टिकर आणि पीव्हीसीची फोम शीट हा सगळा माल याच वर्गात मोडतो आणि तो लेझरखाली कधीही घालू नये. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक काळे पडून पेट घेते, तर एबीएस या प्लास्टिकमधून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो. एखाद्या तुकड्याबद्दल शंका असेल तर उघड्यावर तांब्याची तार तापवून तिला तो तुकडा लावावा आणि तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे असे समजून तो माल परत करावा. पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) रेक्झिनमध्ये क्लोरिन नसल्यामुळे ही परीक्षा तेथे काही दाखवणार नाही, परंतु त्याचा धूरही विषारीच असतो.

रात्रीच्या योजनेबद्दलही मला स्पष्ट बोलले पाहिजे. उकळत्या तेलाच्या कढईशेजारी बसून कोणी गणिते सोडवीत नाही. संगणकावरील आरेखनाप्रमाणे मशीन आपोआप चालत असले, तरी त्याच्या आत प्रत्येक क्षणी आग लागण्याजोगी परिस्थिती असते. अॅक्रेलिक उत्तम कापले जाते आणि तितकेच उत्तम जळते. किरणाच्या टोकाशी हवा सोडणारा पंप बंद पडला, पट्टा अडकून किरण एकाच जागी थांबला, किंवा जाळीखाली साठलेल्या कपच्यांवर ठिणगी पडली, तर काही सेकंदांत ज्वाला उभी राहते. म्हणून चालू मशीनपासून हलायचे नाही आणि त्यावरून नजर काढायची नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. तो पाळला तर अभ्यास होणार नाही आणि अभ्यास केला तर नियम मोडेल. ही दोन कामे एका मुलावर एकाच वेळी घालून आपण त्याचे वर्ष आणि आपले घर दोन्ही पणाला लावले आहेत. तळमजल्यावर आग लागली तर वर झोपलेली माणसे कोणत्या जिन्याने बाहेर येतील, हे आज घरी गेल्यावर पाहावे.

मुलाला या कामाची आवड आहे की नाही, हे आपल्या पत्रातून कळत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलेच दिसत नाही. मात्र ‘तो प्रत्येक गोष्टीत का, कसे विचारत बसतो’ ही आपली तक्रार मला आशादायक वाटली. सीओटू लेझर 1964 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. आपल्या घरातील मशीनमागे केवढे भौतिकशास्त्र आहे, हे मुलाला कोणीतरी सांगितले तर तो कदाचित स्वतःहून त्याकडे वळेल.

तो हो म्हणाला, तर सुरुवात नव्याने करावी. विक्रेत्याच्या माणसाने तासाभरात दिलेली माहिती म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, कारण किरण तयार करणाऱ्या लेझर नळीला 20 हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये विद्युतभार राहू शकतो; पॉवर सप्लायचे झाकण मुलाने उघडायचे नाही. धूर खेचणाऱ्या ब्लोअरची नळी घराबाहेर, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून दूर काढावी. लेझर नळी थंड ठेवणारे पाणी खेळते आहे याची खात्री झाल्याशिवाय किरण सोडू नये. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत बादलीतले पाणी लवकर तापते, त्यामुळे चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, घेणे ही चैन नाही. सीओटूचा अग्निशामक हाताशी ठेवावा आणि आपत्कालीन बटण डोळे मिटूनही सापडले पाहिजे. झाकण उघडताच किरण बंद करणारा सेन्सर तारेने जोडून निकामी करण्याची युक्ती कोणी सुचवली, तर त्या माणसाला पुन्हा मशीनजवळ येऊ देऊ नये, कारण 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर पुठ्ठा, मग एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी), मग 3 मिलिमीटर अॅक्रेलिक अशा क्रमाने, एकेका चौकोनावर वेग आणि शक्ती बदलत त्याने स्वतःचा तक्ता तयार करावा. हे सर्व दिवसा आणि घरात दुसरे मोठे माणूस असताना व्हावे.

भांड्यांवर नावे घालण्यासाठी दिवाळीपर्यंत फायबर मशीन, म्हणजे धातूवर कोरणारे लेझर, घेण्याचा आपला विचार आहे. माझे मत विचाराल तर आत्ता घेऊ नये. त्याचा 1064 नॅनोमीटरचा किरण डोळ्याच्या भिंगातून थेट दृष्टिपटलावर एकवटतो, चकचकीत स्टीलवरून परावर्तित होतो आणि साध्या चष्म्याने किंवा पारदर्शक अॅक्रेलिकच्या झाकणाने अडत नाही. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेले गॉगल आणि बंदिस्त मशीन नसेल, तर झालेली इजा भरून येत नाही.

मार्गांविषयी थोडक्यात सांगतो. बारावी विज्ञानावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि शासकीय तंत्रनिकेतन मिरजेतच आहे; आयटीआय किंवा पुन्हा सीईटी हे पर्यायही खुले आहेत. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत पत्रा कापणाऱ्या मोठ्या फायबर लेझरवर काम करायचे असेल, तर यांत्रिकी आरेखन वाचता येणे पहिले. तेथे शिकाऊ उमेदवारीतून जे शिकायला मिळते, ते घरच्या मशीनवर कधीच मिळणार नाही.

कर्जाचा हप्ता हा आपला प्रश्न आहे, मुलाचा नाही. बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का, ते विचारावे, आणि लाकूड व अॅक्रेलिकच्या कामांपुरते मशीन आपण स्वतः शिकून दिवसा चालवावे. रेक्झिनची उरलेली ऑर्डर या आठवड्यातच दुकानदाराला परत करावी. ते काम पंच-डायने, म्हणजे धारदार साच्याने दाबून, होते आणि त्यासाठी किरणाची गरजही नाही. मुलाला मात्र तो चुकला नव्हता, हे आपण स्वतः सांगावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक