जुळ्या बहिणींचं डबिंग: नावांचा कॉलम नीटनेटका करायला जाऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. पहिलंच डबिंगचं स्क्रिप्ट, नाताळचा अमेरिकन टीव्ही चित्रपट, दोन जुळ्या बहिणी पंधरा दिवसांसाठी एकमेकींच्या घरी राहायला जातात, आणि इंग्रजी स्क्रिप्टात, संवादाशेजारच्या 'कोण बोलतंय' या नावांच्या कॉलममध्ये, एकाच बाईला कधी हे नाव, कधी ते. वर को-ऑर्डिनेटरचा निरोप, "नावं एकसारखी करून पाठवा." तर करू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. निदान मी केलं तसं तर नकाच करू.

आधीच सांगते, मी काही या धंद्यातली जाणकार वगैरे नाही. संवाद लिहिते, दिग्दर्शन करत नाही. या जातीचे चार चित्रपट केलेत, त्यातले दोन जुळ्यांचे. प्रत्येक स्टुडिओची पद्धत वेगळी, त्यामुळे तुमच्याकडे वेगळं चालत असेल तर माझं सोडून द्या. टाइमकोड, लूप (रेकॉर्डिंगसाठी पाडलेले संवादांचे छोटे तुकडे), ओठ जुळवणं यातही शिरत नाही, ते तुम्हाला येतच असणार.

माझं काय झालं ते सांगते. चित्रपटाचं नाव सांगता येत नाही, करार आहे. एक बहीण शहरात, दुसरी लहान गावात. एकीची नोकरी, दुसरीची शाळा आणि भाची. अदलाबदल होईपर्यंत स्क्रिप्टात सगळं सरळ होतं. पुढे काही पानांवर 'गावची (शहरवाली म्हणून)' असं, काही पानांवर नुसतं 'शहरवाली', आणि दोन ठिकाणी चक्क उलटं. शूटिंगच्या वेळी पानं बदलत जातात, त्याचा हा गोंधळ. मला वाटलं, आपण शहाणपणा करू. बॉस तिला ज्या नावाने हाक मारतो तेच नाव कॉलममध्ये. एका रात्रीत सगळं स्क्रिप्ट स्वच्छ केलं आणि खूश होऊन पाठवलं.

डबिंगमध्ये सगळे कलाकार एकत्र उभे राहून बोलत नाहीत, हे विसरले. हरेक आर्टिस्ट एकटी येते, आपले लूप करते आणि जाते. तिचे लूप कुठले, हे ठरतं नावांच्या कॉलमवरून. मूळ चित्रपटात दोन्ही बहिणी एकाच नटीने केलेल्या, पण स्टुडिओने मराठीसाठी दोन आवाज घेतले होते. शहरवालीचा जरा खर्जातला, गाववालीचा मोकळा. कल्पना वाईट नव्हती. फक्त माझ्या कॉलममुळे झालं असं की गावची बहीण शहरात पोचते, बहिणीचा राखाडी कोट अंगात घालते, आणि कोटाबरोबर तिचा आवाजही बदलतो!

त्याहून मजा म्हणजे रात्रीचा फोन. दोघी एकमेकींशी खऱ्या नावांनी बोलतात, म्हणून तिथे मी खरी नावं ठेवली होती. म्हणजे संध्याकाळी कॉफीच्या मशीनपुढे उभी राहून बॉसला "जमेल मला" म्हणणारा आवाज एक, आणि त्याच ओट्याशी, त्याच कोटात, पाच मिनिटांनी फोनवर "अगं, हे मशीन चालू कसं करायचं?" विचारणारा आवाज दुसरा. बाई तीच.

मी हे पहिल्यांदा पाहिलं मिक्सिंग झाल्यावर, म्हणजे सगळे आवाज चित्रावर बसवून झाल्यावर. कारण चित्रपटाची प्रत मला लिहिताना दिलीच नव्हती. "पायरसीचा प्रश्न आहे, स्क्रिप्ट पुरेसं आहे," असं मधल्या ऑफिसने सांगितलं होतं. तीनदा मागितली. तिसऱ्यांदा उत्तर आलं की तिकीट (म्हणजे विनंतीची नोंद) बंद केलेलं आहे, नवीन विनंती टाका. नवीन टाकली, ती 'प्रक्रियेत' राहिली. आता चूक माझी होती हे कबूल, पण चित्र बघायला मिळालं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं.

आणि चूक दाखवल्यावर ऑफिसचं उत्तर ऐका: "ती सोंग घेतेय ना, म्हणून आवाज बदललाय असं प्रेक्षक समजून घेतील." मी फोन ठेवला आणि पाच मिनिटं नुसती भिंतीकडे बघत बसले.

अहो, या चित्रपटांत दुसरं असतं काय? गोष्ट ठरलेली, शेवट ठरलेला, बर्फ ठरलेला. प्रेक्षकाला मजा एकाच गोष्टीची, की आपल्याला माहीत आहे आणि त्या बिचाऱ्या बॉसला नाही. आवाज कोटाबरोबर फिरला की आपणही बॉसच्या रांगेत. मग चित्रपटात राहतं काय?

आपल्याकडे 'सीता और गीता' (१९७२) ने लोकांना एक सवय लावून ठेवलीय, एक गरीब गाय आणि एक तिखट. शिवाय तिथे दोघी एकमेकींना ओळखतच नाहीत, अदलाबदल चुकून होते. अमेरिकन टीव्हीवरच्या या चित्रपटांत बहुतेकदा दोघी सज्ञान, एकत्र वाढलेल्या, आणि ठरवून अदलाबदल करतात. २०१७ चा हॉलमार्क वाहिनीचा 'स्विच्ड फॉर ख्रिसमस' बघा, कँडेस कॅमेरॉन ब्युरने केट आणि क्रिस दोन्ही केल्यात. आवाज एकच. फरक काय तो बोलण्याच्या लकबीत. तेच मराठीत आणायचं असतं आणि ते लेखकाचं काम, म्हणजे तुमचं. एकीला 'चालेल' द्या, दुसरीला 'बरं बाई'. एक वाक्य पुरं करते, दुसरी अर्ध्यावर सोडते. एवढं बास होतं.

पण कृपा करून गाववालीला कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी देऊ नका. हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटलं नाही तरी चालेल. कोलोरॅडोतलं लहान गाव म्हणजे सातारा नव्हे. २०१८ च्या 'द प्रिन्सेस स्विच'मध्ये व्हनेसा हजेन्स एकदा शिकागोची बेकरीवाली असते आणि एकदा डचेस (सख्ख्या जुळ्या नाहीत त्या, नुसत्या सारख्या दिसतात). तिथे इंग्रजी उच्चारांचा फरक गोष्टीतच आहे. तसल्या ठिकाणी डचेसला पुस्तकी प्रमाण मराठी आणि बेकरीवालीला घरगुती, इथवर ठीक. दुसऱ्या भागात, २०२० मध्ये, तिसरी सारखी दिसणारी येते. तो कुणाच्या वाट्याला आला असेल त्याला माझा दंडवत.

आता तुम्ही काय करायचं. नावांचा एक कॉलम काढून तीन करा: खरी कोण, कोण म्हणून वावरतेय, समोरच्याला काय वाटतंय. आवाज पहिल्या कॉलमवरून ठरेल. हाक दुसऱ्यावरून. आणि तू-तुम्ही तिसऱ्यावरून, त्याबद्दल पुढे सांगते. पहिला कॉलम मी रंगाने भरते, एक बहीण हिरवी, एक निळी, कारण रात्री दोन वाजता नावं वाचली तरी डोक्यात शिरत नाहीत. ऑफिसला एकच कॉलम हवा असेल तर पहिला पाठवा. दुसरा कधीच नाही. मला पंधरा वेळा सांगावंसं वाटतंय, पण एकदा पुरे.

करारात "स्क्रिप्टातल्या चुकीमुळे झालेलं पुनर्रेकॉर्डिंग लेखकाच्या खर्चाने" असं कलम असेल तर त्यापुढे "चित्रपटाची प्रत दिलेली असल्यास" एवढे शब्द घालून घ्या. मी वकील नाही, विचारून घ्या कुणाला तरी. माझे ६१ लूप पुन्हा झाले, मानधन अर्धं कापलं, आणि नाताळचा चित्रपट लोकांनी संक्रांतीला बघितला.

एक फायद्याची गोष्ट. दोघी एका फ्रेममध्ये असतात तेव्हा बऱ्याच शॉट्समध्ये एक नटी आणि दुसरी पाठमोरी डुप्लिकेट असते. ही युक्ती जुनी आहे. १९६१ च्या 'द पेरेंट ट्रॅप'मध्ये हेली मिल्ससाठी सूझन हेनिंग होती, १९९८ च्या आवृत्तीत लिंडसे लोहानसाठी एरिन मॅकी. चेहरे दोन्ही दिसतात तेव्हा फ्रेम जोडलेली असते, ते महाग पडतं, म्हणून टीव्हीवाले पाठमोऱ्या शॉट्सवर जास्त भागवतात. आपला फायदा हा, की पाठमोरीला ओठ नाहीत! बहिणी-बहिणींच्या सीनमध्ये जवळजवळ निम्मी वाक्यं मोकळी मिळतात. अवघड वाक्यं, लांब वाक्यं, 'अगं'-'बाई गं' सगळं तिथे टाका. पण त्यासाठीही चित्रपट बघायला हवा.

आणि हो, हे चित्रपट जाहिरातींसाठी तुकड्यांत लिहिलेले असतात. दर ब्रेकनंतर कुणीतरी "विसरू नकोस, इथे तू मी आहेस" छापाचं काहीतरी बोलतं. मोबाइलवर सलग बघताना ते रटाळ वाटतं म्हणून कापायचा मोह होतो. कापू नका, अर्ध्यात बघायला बसलेल्या आजीला त्याचाच आधार असतो.

आता तू-तुम्ही. इंग्रजीत सगळेच 'यू', म्हणून मूळ लेखकाला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याला पडतो. नायक शहरवालीला चार वर्षं ओळखतो, तिला 'तू' म्हणतो, तीही त्याला 'तू' म्हणते. गाववालीसाठी तो आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला परका पुरुष. तिच्या तोंडून 'तुम्ही' निसटणारच! पहिल्या भेटीत एकदा "तुम्ही बसा ना... बस ना" असं केलं तर मूळ चित्रपटात नसलेली गंमत फुकटात मिळते. आणि शेवटी ती "मी ती नाही" म्हणून कबूल करते, तेव्हा तो क्षणभर 'तुम्ही'वर जातो. पंधरा दिवस तू-तू केलेला माणूस. मराठी माणसाच्या काळजात तिथे जे होतं ते व्हायोलिन वाजवून होत नाही.

माझ्या पहिल्या चित्रपटात हे दोन्ही 'तुम्ही' ऑफिसने काढले. शेरा होता: "संबोधनात सातत्य नाही."

दुसऱ्या चित्रपटात तशीच जागा आली. ऑफिस तेच, माणूसही तोच. मी 'तुम्ही' लिहिलं आणि शेजारी शेरा टाकला: "ओठ मिटतात, 'म' हवा, 'तू' बसत नाही." ओठांवर तो कधी वाद घालत नाही. आहे तसं गेलं, तसंच रेकॉर्ड झालं. तिथे नायकाचे ओठ खरंच मिटतात का, हे अजून कुणी बघितलेलं नाही.