ग्रंथपालन शिकायचंय? सुरुवात इथून करा

वर्गीकरणाचे तक्ते पाठ करत बसू नका. नवशिके तिथेच अडकतात. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्यूईच्या १८७६ च्या दशांश पद्धतीतले (पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत) दहा मुख्य वर्ग ओळखीचे झाले, की सध्या पुरे. तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची बनवणं, नंतर बघू.

आधी भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांची १९३१ ची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं नीट समजून घ्या, विशेषतः 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथं. मग देवघेवीच्या टेबलापाशी तासभर थांबा: कुणाला ऑनलाइन अर्ज भरायचाय, कुणाला अभ्यासाला शांत जागा हवीय, कुणी नुसतं वर्तमानपत्र चाळायला आलंय. सार्वजनिक ग्रंथालयाचं कितीतरी काम हेच असतं!

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रश्न ऐकताच कपाटाकडे धावणं. 'आरोग्यावरचं पुस्तक' मागणाऱ्याला बऱ्याचदा मधुमेहात काय खावं एवढंच हवं असतं. दोन प्रश्न विचारा, मग उठा. आणि कोण काय वाचतं, हे तिसऱ्याला कधीही सांगू नका.