पोर्तुगालची तटस्थता आणि मुरगावची जहाजे

दुसऱ्या महायुद्धातल्या तटस्थ पोर्तुगालबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : मुरगाव बंदरात १९४३ साली जर्मन जहाजे जळाली, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. गोवा तर तटस्थ होता. मग हे केले कोणी? (वाचक, वास्को)

ब्रिटिशांनी, आणि तेही चोरून. युद्ध सुरू होताच एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे मुरगावात आसऱ्याला आली. इटलीचे आंफोराही तिथेच अडकले. तटस्थ बंदरात चोवीस तासांची मर्यादा असते ती युद्धनौकांना. व्यापारी जहाज वर्षानुवर्षे नांगर टाकून बसले तरी कायद्याला हरकत नसते. पण एरेनफेल्सवरून जर्मन पाणबुड्यांना वायरलेसने खबर जाते, असा ब्रिटिशांचा दावा होता.

उघड सैन्य पाठवणे म्हणजे पोर्तुगालवर हल्लाच. म्हणून निवडले कोण, तर कलकत्त्याच्या हौशी पलटणींमधले, एरवी कंपन्यांत नोकऱ्या करणारे साहेब! बरेचसे चाळिशी ओलांडलेले. ते रेल्वेने कोचीनला गेले आणि तिथून फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवर चढले. ९ मार्चच्या सुमारास, ऐन कार्निव्हालात, त्यांनी रात्री एरेनफेल्स गाठले. कप्तान मारला गेला, खलाशांनी जहाज बुडवले. ते पाहून उरलेल्या तिघांनीही आपापली जहाजे पेटवून बुडवली. ही हकिगत उघड झाली ती थेट १९७८ मध्ये.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात जहाजांवरूनच पोर्तुगाल लढाईत उतरला होता ना? मग या वेळी का नाही? (वाचिका, पुणे)

तेव्हा युद्ध पुकारले जर्मनीने. १९१४ पासून पोर्तुगालने ना युद्ध जाहीर केले ना तटस्थता. ब्रिटनला जहाजांची चणचण भासू लागली, तेव्हा त्याच्या सांगण्यावरून फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजे ताब्यात घेतली. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारले. योगायोगाने महिना तोच.

१९४३ मध्ये मात्र भांडण कोणालाच परवडणारे नव्हते. जर्मनीला पोर्तुगालमधून शस्त्रांसाठी लागणारे टंगस्टनचे खनिज मिळत होते. ते ब्रिटनलाही विकले जात होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला तर दोन्ही गिऱ्हाइके हवी होती. शिवाय ब्रिटनशी १३७३ पासूनचा मैत्रीचा तह. तेरी भी चुप, मेरी भी चुप. माझ्या मते पोर्तुगालची तटस्थता टिकली ती कायद्यामुळे नव्हे, या सौद्यामुळे.

प्रश्न : मग पूर्व तिमोर कसे होरपळले? तेही पोर्तुगालचेच होते. (वाचक, डोंबिवली)

तिमोरच्या तटस्थतेत कोणाचाच फायदा नव्हता, म्हणून. जपान येण्याआधीच, १७ डिसेंबर १९४१ रोजी, ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक तिमोरची राजधानी दिली येथे उतरले. पोर्तुगीज गव्हर्नरने निषेध नोंदवला, पण अडवायला त्याच्याकडे फौज होती कुठे? फेब्रुवारीत जपानी उतरले. त्यानंतर ऑस्ट्रेलियन तुकडी वर्षभर डोंगरांतून गनिमी काव्याने लढली. तिला भाकरी आणि वाट देणाऱ्या गावांवर जपान्यांनी सूड उगवला. मृतांचे अंदाज ४० ते ७० हजारांपर्यंत जातात. एवढे होऊनही लिस्बनने जपानविरुद्ध युद्ध पुकारले नाही. चीनच्या किनाऱ्यावरची आपली वसाहत मकाव हाताशी राहावी, ही काळजी होतीच. तटस्थ देशाची वसाहत असणे किती महाग पडते, ते तिमोरी माणसाला विचारावे.

प्रश्न : जहाजे जळाली त्याच वर्षी मुरगावात अमेरिकन आणि जपानी लोकांची अदलाबदल झाली, हे खरे का? (वाचक, मडगाव)

अगदी खरे. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानहून तेइया मारू आणि अमेरिकेहून स्वीडिश जहाज ग्रिप्सहोल्म मुरगावला लागले. दोन्हींवर शत्रूदेशात अडकलेले नागरिक होते, प्रत्येकी सुमारे दीड हजार. एका जहाजातून उतरून ते दुसऱ्यात चढले आणि आपापल्या देशाच्या वाटेला लागले. त्याच महिन्यात पोर्तुगालने अटलांटिक महासागरातल्या आपल्या अझोर्स बेटांवरचा तळ ब्रिटनला वापरायला दिला. आधार तोच १३७३ चा तह. जर्मनीने निषेध केला, पण युद्ध पुकारले नाही.