यादी घरांची नको, चुलींची करा

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे, ऐन गणपतीत, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी वस्त्यांमध्ये शिरली. आमच्या मंडळानं धान्याच्या किट वाटल्या. आधार कार्ड पाहून, एका घराला एक. नदीकाठचे भाडेकरू नाराज झाले. काही सभासद म्हणतात, अतिक्रमणवाल्यांना द्यायचंच कशाला? पावसाळ्याआधी नियम ठरवायचे आहेत. कसे ठरवावेत?
– मंडळाचा सचिव, नागपूर

उत्तर : सचिवभाऊ, अतिक्रमणाचं आधी निपटवू. मंडळाकडे तांदळाची पोती आहेत, नगररचना विभाग नाही. जागा कोणाची ते महापालिका पाहील.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म पाहून भेदभाव करायचा नाही. पण आता तोंडावर जात विचारतो कोण? पत्त्याचा पुरावा मागितला की वगळायचं काम भागतं. मी महसूल खात्यात असताना पंचनामे केलेत. घर क्रमांक एक; समोर मालक, मागच्या दोन खोल्यांत दोन बिऱ्हाडं. कागद फक्त मालकाचा. भाडेकरूचं आधार गावाकडचं, तेही पुरात भिजलेलं. म्हणून चुली मोजा. जितक्या चुली, तितक्या किट. नावं शेजाऱ्यांकडून पक्की करून घ्या. वस्तीत कोण कुठं राहतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

दुसरं, वाटपाची वेळ. धरमपेठेतल्या बंगल्यांतला चिखल उपसायला गेलेली बाई स्वतःच्या किटसाठी सकाळी दहाला रांगेत कशी उभी राहणार? रोजंदारीसाठी ठिय्यावर गेलेल्या मजुराचंही तेच. रात्री आठनंतर पुन्हा एकदा वाटप ठेवा. म्हाताऱ्या, अपंग माणसांना घरपोच द्या.

किटमध्ये तूरडाळ आणि तांदूळ असतातच, पण शेगडी गाळात रुतलेली असते हो! पहिले दोन दिवस पोहे, मुरमुरे, फुटाणे, प्यायचं पाणी, मेणबत्त्या द्या. पॅडची पाकिटं बायकांच्याच हातून जाऊ द्या. मंडळातली पोरं तिथं उभी राहिली तर कोणी मागणार नाही.

वाटप समितीत वस्तीतल्या दोघी तरी घ्या, आणि नुसत्या नावाला नको. यादी त्यांनीच लिहावी.

किट देतानाचे फोटो मात्र बंद करा. देणगीदार हिशेब मागतील, त्यांना दुकानाच्या पावत्या दाखवा.