वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून राहून गेलेला विमा

“शेजाऱ्यांचे घर जळाल्यापासून मला रात्री झोप नाही आणि ज्यांच्यासाठी इतके केले त्या शेजारच्या वहिनी आता माझ्याशी धड बोलत नाहीत, माझे काय चुकले?” असा प्रश्न घेऊन डोंबिवलीच्या एक पंचेचाळिशीच्या गृहिणी माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र अनेकांचा आहे.

मे महिन्यातल्या एका दुपारी समोरच्या घरातील एसीच्या वायरिंगने पेट घेतला. माणसे वाचली, दोन खोल्या जळाल्या. या बाईंनी त्या कुटुंबाला चार रात्री स्वतःच्या घरी ठेवून घेतले, मजल्यावरच्या सर्वांना हाताशी धरून दुसऱ्याच दिवशी जळका पसारा उपसून टाकला आणि जुन्या साड्यांचे एक गाठोडेही नेऊन दिले. ते गाठोडे आठवडाभर जिन्यात तसेच पडून राहिले.

त्यांच्या हेतूत खोट नव्हती. परंतु ज्याचे सर्वस्व जळाले आहे, त्याच्या हातून निर्णयही निसटलेले असतात, आणि न विचारता केलेली मदत उरलेसुरले निर्णयही काढून घेते. “काय हवे ते सांगा” हे वाक्यही अशा वेळी ओझेच होते, कारण काय हवे हेच त्या माणसाला सुचत नसते. त्यापेक्षा “उद्या दहा वाजता मी मोकळी आहे, आधार कार्डाच्या कामाला सोबत येऊ, की मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पाहू?” असे विचारले, तर निवड त्यांच्याकडे राहते. “आग लागली कशी?” हा प्रश्न तर आल्यागेल्याने विचारून वहिनींना नकोसा झाला होता, त्यात त्यांना आरोपच ऐकू येत असे.

पसारा लगेच उपसणे व्यवहारातही अंगाशी येते. विमा असेल, तर कंपनीला कळवून आणि फोटो काढून नुकसान मोजणारा सर्वेक्षक येईपर्यंत जळलेल्या वस्तू शक्यतो जागेवर ठेवाव्यात, आणि अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्यावा. या घराच्या बाबतीत प्रश्न तिथपर्यंत गेलाच नाही. “सोसायटीचा विमा आहे ना” या समजुतीवर ते निर्धास्त होते. तो विमा इमारतीचा होता, कपाट, फ्रिज आणि अंथरुणे त्यात नव्हती.

“मग तुमच्या घराचे काय?” असे मी विचारताच बाई गप्प झाल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी विषय काढला होता, तेव्हा यजमान म्हणाले होते, “घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.” बोलण्यावर बंदी असलेली ती भीती आता रात्री तीन-तीनदा उठून गॅसचा रेग्युलेटर पाहण्यात बाहेर पडत होती. वारंवार तपासल्याने खात्री वाढत नाही, उलट स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच ढिला पडतो. म्हणून आम्ही ठरवले की झोपण्यापूर्वी एकदाच, सावकाश पाहायचे आणि पुन्हा उठायचे नाही. महिना उलटूनही झोप आणि कामे विस्कळीत राहिली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे, हेही सांगितले. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांनी लिहून घेतला.

मी विमा विकत नाही, पण या विषयाची पुरेशी माहिती देणे मला उपचाराचाच भाग वाटले. १ एप्रिल २०२१ पासून भारतात ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यात घराच्या विम्याची रक्कम बाजारभावावर नव्हे, तर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, त्यामुळे हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो. घराच्या विम्यासोबत सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळे संरक्षण मागावे लागते.

पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी वहिनींना विचारून त्यांच्यासोबत रेशन कार्डासाठी दोन हेलपाटे घातले होते. रात्रीचे उठणे एकावर आले होते. यजमानांनीच घरातील सामानाची यादी एका जुन्या वहीत लिहायला घेतली होती, आणि बाई मला विचारत होत्या, “सासूबाईंच्या पैठणीपुढे किंमत काय लिहायची?” त्याचे उत्तर माझ्याजवळही नव्हते, तूर्त तिचा फोटो काढून ठेवा, एवढेच मी सुचवले.