एकशृंगाला घोडा म्हणू नका

युनिकॉर्नला मराठीत 'एकशिंगी घोडा' म्हणावे का, आणि ख्रिस्ती चित्रांत तो येशूची आई कुमारी मरिया हिच्या मांडीवर का विसावलेला असतो, असे विचारले आहे. घोडा मुळीच म्हणू नये. हा शब्द सध्या जिकडेतिकडे दिसतो आणि दर वेळी खटकतो. 'फिजिओलॉगस' या प्राचीन ग्रीक प्राणिकथांच्या संग्रहात हा प्राणी करडाएवढा आहे. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात १५०० च्या सुमाराचे विणीव पडदे आहेत, त्यांवर त्याला बोकडाची दाढी आणि दुभंगलेले खूर आहेत. घोड्याला दाढी कुठली? नुसते 'एकशिंगी' म्हटले तर आपल्याला गेंडा आठवतो. 'एकशृंग' लिहावे.

खरी गंमत आहे ती हा प्राणी बायबलात शिरला कसा यात. मूळ हिब्रू शब्द 'रएम', त्याचा अक्कादी, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेतला, भाऊबंद 'रीमु', अर्थ रानबैल. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्याचा 'मोनोकेरोस' झाला, म्हणजे एका शिंगाचा. लॅटिनमध्ये कुठे 'युनिकॉर्निस', तर कुठे 'रिनोसेरॉस'. तेवढ्यावरून 'रएम म्हणजे गेंडाच' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचे ३३:१७ उघडलेलेच नसावे. तिथे याकोबाचा मुलगा योसेफ याची शिंगे रएमाच्या शिंगांसारखी म्हटली आहेत. रएम एक, शिंगे अनेक, आणि ती शिंगे म्हणजे योसेफाच्या दोन मुलांचे, एफ्राइम आणि मनश्शे यांचे वंश! एका शिंगावर दोन वंश कसे बसवणार? १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'युनिकॉर्न्स' असे अनेकवचन करून सुटका करून घेतली. मूळ शब्द एकवचनी असल्याची कबुली मात्र समासात दिली.

मग एकच शिंग आले कुठून? माझ्या मते शिल्पांतून. बॅबिलोनचा इश्तार दरवाजा आता बर्लिनमध्ये आहे. त्यावरचे रानबैल अगदी बाजूने दाखवले आहेत, त्यामुळे शिंग एकच दिसते. हा तर्क जुना आहे आणि तो उडवून लावणारे विद्वानही पुष्कळ. त्यांनी त्या झिलईच्या विटांपुढे जरा वेळ उभे राहावे.

मांडीचे उत्तर सोपे आहे. फिजिओलॉगसच्या कथेत हा प्राणी शिकाऱ्यांना सापडत नाही, कुमारिकेला मात्र आपणहून वश होऊन तिच्या मांडीवर येतो. म्हणून कुमारिका ती मरिया आणि एकशृंग तो ख्रिस्त. पंधराव्या शतकातल्या काही जर्मन चित्रांत तर गब्रीएल देवदूतच शिकारी होऊन शिंग फुंकत येतो, आणि त्याच्या चार कुत्र्यांची नावे असतात दया, सत्य, न्याय आणि शांती.